विज्ञान ग्रंथालयात आमचे काय काम?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञान ग्रंथालयात जाऊ नये, असा नियम कोठेही लिहिलेला नाही. मी नियमावली मुद्दाम वाचली आहे. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला प्राचार्यांच्या पत्रावर तेथे बसून वाचता येते, एवढेच तिच्यात म्हटले आहे. पण नियम काहीही म्हणोत, दाराशी बसलेले काका ओळखपत्रावरचे ‘तृतीय वर्ष कला, इतिहास’ वाचतात आणि अगदी मायेने सांगतात, "ताई, तुमचं ग्रंथालय ते पलीकडचं. इथं फिजिक्सवाले येतात." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी कोणी त्या पायऱ्या चढतच नाही, मग त्यांना सवय कशी व्हावी?

माझे म्हणणे असे की हे ग्रंथालय जितके पदार्थविज्ञानाच्या आणि खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे, तितकेच आपले आहे. आणि त्यातला एक भाग, म्हणजे तळघरातले जुने बांधीव खंड, हा तर त्यांच्यापेक्षा आपलाच अधिक आहे. याच खंडांचे निर्लेखन करून तळघर मोकळे करावे, असा विचार सध्या चालू असल्याचे तेथे ऐकले. म्हणून हा लेख.

मी तेथे गेले ती विजयदुर्गासाठी. माझे आजोळ देवगड तालुक्यातले. त्या बाजूला एक गोष्ट घरोघर सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यात दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम सापडला. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, त्यांना लोक साहेबाचे कट्टे म्हणतात. अलीकडे १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिवस साजरा होतो, शाळांतली मुले येतात, भाषणे होतात. वर्तमानपत्रांत लेख येतात आणि एका लेखातले वाक्य पुढल्या वर्षीच्या लेखात जसेच्या तसे उतरते. आम्हाला यंदा स्थानिक इतिहासावर प्रकल्प होता आणि आमच्या सरांचा दंडक असा की ऐकीव गोष्ट मूळ कागदाला नेऊन भिडवायची. विषय मराठेशाहीतला असता तर वाट मळलेली होती. हेलियमचा मूळ कागद कोणत्या दप्तरात मिळणार? तो खगोलशास्त्राच्या नियतकालिकांतच असणार, आणि ती नियतकालिके विज्ञान ग्रंथालयात.

येथे थोडे तपशिलात शिरते, कारण पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल. ग्रंथालयाच्या संगणकावर नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने विजयदुर्ग शोधले, काहीच मिळाले नाही. हेलियम शोधले तर अतिशीत द्रवांवरची पुस्तकेच पुस्तके. मग सहायक ग्रंथपाल बाईंनी उलगडा केला. जुन्या खंडांची नोंद संगणकावर फक्त नियतकालिकाच्या नावाने आहे, आतल्या लेखांची नाही. लेख हवा असेल तर खंड काढायचा आणि सूची पाहायची. त्यांनी मागणी चिठ्ठी भरून घेतली, किल्ली घेतली आणि स्वतः तळघरात आल्या. ‘नेचर’ हे साप्ताहिक १८६९ साली सुरू झाले, आणि ते सुरू करणारा संपादक दुसरा कोणी नसून हाच नॉर्मन लॉकियर. तेव्हा शोधाची सुरुवात कोठून करायची हे उघड होते. १८९७-९८ सालचा सत्तावन्नावा खंड मी काढला आणि सूचीत ‘ग्रहण’ या शब्दाखाली बोट फिरवत गेले. किल्ला तेथे होता, पण त्याचे नाव होते ‘विझियाड्रुग’.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटणार नाही. खडकीचे किर्की आणि शीवचे सायन करणाऱ्या लोकांचे कागद आपण रोज वाचतो. पण ज्याला हा सराव नाही त्याची वाट येथेच बंद होते. एकदा ते विचित्र स्पेलिंग हाती लागल्यावर मात्र मला पुढचे धागे भराभर मिळत गेले.

त्या धाग्यांतून जे हाती आले ते असे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची सावली कोकणकिनारा ओलांडून दख्खनवर आली आणि पूर्व किनाऱ्याकडे गेली. तिच्या वाटेवर जमखिंडीला हर्शेल घराण्यातला एक लेफ्टनंट होता, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सचा जान्सेन होते, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पोगसन होता. सूर्याच्या कडेवरून ज्या लाल ज्वाला उसळलेल्या दिसतात त्यांचा प्रकाश वर्णपटात तेजस्वी रेषांच्या रूपाने दिसतो, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत, हे त्या दिवशी ठरले. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषेशी नीट जुळत नाही, अशी शंका पोगसनने नोंदवली, पण त्याचा अहवाल मद्रासलाच छापला गेला आणि फारसा कोणाच्या वाचनात आला नाही. जान्सेनने दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसताना त्या ज्वालांच्या रेषा पाहून दाखवल्या.

आणि लॉकियर? तो इंग्लंडमध्ये होता. युद्धखात्यात कारकुनी करणारा हा गृहस्थ फावल्या वेळात आकाश पाहत असे, आणि त्याने मागवलेले वर्णपटदर्शक यंत्र १८६८ च्या ऑक्टोबरात त्याच्या हाती पडले. २० ऑक्टोबरला त्याने ग्रहणाशिवायच त्याच रेषा पाहिल्या. त्याचे आणि जान्सेनचे निवेदन पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला आले. पुढे १८७२ साली फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक पाडले. ती पिवळी रेषा पृथ्वीवर ठाऊक नसलेल्या मूलद्रव्याची असावी, हा विचार लॉकियरने त्यानंतर पुढे नेला. हेलियम हे नाव त्यातूनच आले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १८९५ साली रॅम्झेने क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून हेलियम प्रत्यक्ष काढून दाखवला तेव्हा कोठे वाद मिटला.

लॉकियर हिंदुस्थानात आला तो प्रथम १८७१ च्या डिसेंबरातल्या ग्रहणासाठी, आणि तेव्हा तो केरळातल्या बेकल किल्ल्यावर होता. विजयदुर्गास तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या लढाऊ जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना शिकवून त्याने निरीक्षणाच्या कामाला लावले, प्रिझम बसवलेले कॅमेरे उभे केले, आणि त्याचा सविस्तर अहवाल रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये १९०१ साली छापला गेला. त्याच्या शीर्षकातच ते विझियाड्रुग आहे.

खरे म्हणजे खंड उघडण्याआधी साधा व्यवहारी प्रश्न विचारायला हवा होता. ऑगस्ट महिन्यात कोकणात सूर्य पाहायला कोण जाईल? ज्याने देवगडचा पाऊस एकदा पाहिला आहे तो शपथेवर सांगेल की त्या दिवसांत सूर्य दिसला तर तीच बातमी. जानेवारीतले आकाश मात्र धुऊन पुसून ठेवल्यासारखे असते. गोष्ट कशी तयार झाली असावी याचा माझा तर्क असा आहे: ग्रहणे दोन, दोन्हींची सावली कोकणावरून गेली, आणि हेलियमचा म्हणून जगाला नुकताच ठाऊक झालेला माणूस दुसऱ्या ग्रहणाला खरोखरच किल्ल्यात येऊन राहिला. तीस वर्षांचे अंतर लोकांच्या आठवणीत गळून पडले. यात कोणाची लबाडी नाही.

दिवाळीत आजोळी गेले तेव्हा हे सगळे मामेआजोबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे आमचो हेलियम गेलो म्हणायचो!" हे हसत म्हटलेले असले तरी त्यात खंत होती, आणि ती मला रात्रभर बोचली. गावाकडे मिरवण्यासारखे फार काही नसते. बाहेर शिकायला गेलेल्या नातीने ते येऊन काढून घ्यावे, हे कोणाला आवडेल? पण माझे मत असे की गेले काहीच नाही. उलट जे मिळाले ते अधिक मोठे आहे, आणि ते मिळाले त्याच तळघरातल्या त्याच कपाटांत.

कारण १८९८ ची सावली विजयदुर्गाहून पुढे महाराष्ट्रभर गेली. करमाळ्याजवळच्या जेऊरला तेव्हा आगगाडीचे स्थानक होते, त्यामुळे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन तेथे उतरला. आणि त्याच जेऊरला आपला माणूसही होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाईगमवाला. हे कॉलेज म्हणजे पुढचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून नाईगमवालांनी तेथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिच्यातली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. ग्रहणाच्या वर्णपटाची त्यांनी जेऊरला छायाचित्रे घेतली आणि १९०२ साली सबंध अहवाल प्रसिद्ध केला. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बिणी कोडाईकनालला गेल्या. पुण्यात खगोलशास्त्राची वेधशाळा होती हे किती पुणेकरांना ठाऊक आहे? साहेबाच्या नावाचे कट्टे आपण जपले, आणि ज्याने याच मातीत दुर्बीण उभी केली त्याचे नाव आपल्या एकाही क्रमिक पुस्तकात मला भेटले नाही.

सावली आणखी पुढे विदर्भात तळणीला गेली. तेथे ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षकांचा तळ होता आणि त्यात अ‍ॅनी माउंडर होत्या. लग्न केले म्हणून ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी त्यांना १८९५ साली सोडावी लागली होती. तळणीला स्वतःच्या लहान कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा जो लांबच लांब झोत टिपला, तितका लांब तोवर कोणाच्याही छायाचित्रात आलेला नव्हता. आमच्या वर्गातल्या मुलींनी वक्तृत्व स्पर्धेत त्याच त्या चार थोर स्त्रियांवर बोलण्याऐवजी कधी यांच्यावर बोलून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. असो.

आता आक्षेपाकडे वळते. जुने खंड कशाला हवेत, सगळे संगणकावर आहे, असे म्हणणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांचे बरेचसे खरे आहे. रॉयल सोसायटीने सत्तर वर्षांहून जुने लेख २०११ पासून सर्वांना फुकट खुले केले आहेत. पॅरिसच्या अकादमीचे वृत्तान्त आमच्या ग्रंथालयात नाहीत. ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर ठेवले आहेत, आणि आमच्याच महाविद्यालयात फ्रेंच घेतलेल्या मैत्रिणीने ते मला दोन संध्याकाळी बसून वाचून दाखवले. खगोलशास्त्राची कितीतरी जुनी नियतकालिके नासाच्या सूचीतून पानापानाने पाहता येतात. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आहे आणि तिच्यात सुमारे तेरा हजार नियतकालिके आहेत. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, आणि आमचे महाविद्यालय खाजगी संस्थेचे. ‘नेचर’चे जुने अंक पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. एका लेखाला जे मागतात त्यात आमच्या वसतिगृहाची दोन आठवड्यांची खाणावळ भागते.

पैशांचा प्रश्न उद्या सुटेलही. तरी एक गोष्ट उरते. संगणकाला जे विचाराल तेच तो देतो. ‘विजयदुर्ग’ विचारणाऱ्याला ‘विझियाड्रुग’ देण्याचे त्याला सुचले नाही. आणि नाईगमवाला तर मी विचारलेच नव्हते. त्यांचे नाव माझ्या कानावरही नव्हते. ते भेटले कारण ग्रहणांचे सगळे अहवाल एकाच फळीवर लागून होते आणि हात शेजारच्या खंडावर गेला. खगोलशास्त्र ५२० आणि पदार्थविज्ञान ५३० अशी जी दशांश वर्गीकरणाची व्यवस्था आहे, तिचा हाच उपयोग. एका विषयाचे ग्रंथ शेजारी बसवले की वाचकाला न मागितलेलेही मिळते. याशिवाय, घडी घातलेले मोठे तक्ते आणि छायाचित्रांची पाने संगणकावरच्या प्रतीत पुष्कळदा धुरकट किंवा घडीसकटच उतरलेली असतात. ग्रहणाच्या अहवालात तर खरा माल त्याच पानांवर असतो.

तळघरात एकदा पदार्थविज्ञानाचे एक संशोधक विद्यार्थी भेटले. वाट चुकून आले होते, त्यांना झेरॉक्सचे यंत्र हवे होते. ते म्हणाले, आमचे संशोधन सकाळी ‘अर्काइव्ह’वर येते आणि पुढच्या वर्षी शिळे होते, आम्ही या खंडांचे काय करणार? प्रामाणिक उत्तर होते. पण खगोलशास्त्र हे असे शास्त्र आहे की त्याचा जुना माल शिळा होत नाही. इंग्लंडचे रिचर्ड स्टीफन्सन यांनी बाबिलोनच्या मातीच्या विटांवरच्या, चीनच्या बखरींतल्या आणि अरबांच्या ग्रंथांतल्या ग्रहणांच्या नोंदी जमवल्या. ग्रहण कोठे दिसायला हवे होते आणि प्रत्यक्ष कोठे दिसले, या फरकावरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीचे फिरणे किती मंदावते आहे ते काढले: दिवस शतकामागे सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतो. हा आकडा पदार्थविज्ञानाचा आहे. त्यासाठी लागलेले वाचन मात्र तुमचे आमचे आहे. लिपी, भाषा, तारखांचा मेळ, लेखक कितपत विश्वासू याची पारख, हे सगळे कलाशाखेत शिकवतात. मग ज्या शास्त्राला आपली अशी गरज पडते, त्याच्या ग्रंथालयात आपण पाहुण्यासारखे का शिरावे?

भिंत दोन्ही बाजूंनी आहे हेही सांगितले पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ साली निघाला आणि भारतीय खगोलाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला तो अजूनही टाळता येत नाही. तो आमच्याकडे कोठे आहे? पलीकडच्या ग्रंथालयात, मराठीच्या विभागात. खगोलशास्त्राचा विद्यार्थी तेथे कशाला जाईल? वर्गीकरणाप्रमाणे त्याची जागा ५२० मध्ये असायला हवी, पण मराठीत आहे म्हणून तो मराठीच्या कपाटात गेला. रंगनाथन स्वतः गणिताचे अध्यापक होते आणि १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांत वाचकाची शाखा कोठेही विचारलेली नाही.

निर्लेखनाविषयी माझे म्हणणे थोडक्यात सांगते. जागेची अडचण खरी आहे. तळघरात ओल आहे, काही खंडांना कसर लागली आहे, आणि तेथे लागणाऱ्या माणसांच्या जागा भरलेल्या नाहीत. एकट्या बाई काय काय पाहणार? स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अभ्यासिका हवी, हेही मान्य. पण खंड रद्दीत काढण्याआधी तीन माणसांनी फळ्यांवरून एकदा फिरावे: एक पदार्थविज्ञानाचा, एक इतिहासाचा आणि एक ग्रंथपाल. ज्याच्या दुसऱ्या प्रती देशात सहज मिळतात तो खंड जाऊ द्या. १९०० च्या आधीचे, आणि हिंदुस्थानातल्या निरीक्षणांचे, काहीही जाता कामा नये. आज हा निर्णय फक्त ‘गेल्या दहा वर्षांत कितीदा मागणी आली’ या रकान्यावरून होणार आहे. ज्या दारात आपल्याला परत पाठवतात त्या दारामागच्या पुस्तकांना मागणी कशी येईल? यंदाच्या रकान्यात माझ्या अकरा चिठ्ठ्या आहेत, आणि बाई म्हणाल्या की तळघराच्या वहीत या वर्षी दुसरे नाव नाही.

तेव्हा ज्यांना प्रकल्प करायचे आहेत त्यांच्यासाठी. प्राचार्यांचे पत्र कार्यालयातून मिळायला तीन दिवस लागतात. तळघर दुपारी दोन ते चार उघडते, गुरुवारी बंद. पिशवी दाराशी ठेवावी लागते, पाण्याची बाटली नेता येत नाही. मागणी चिठ्ठीवर नियतकालिकाचे नाव, साल आणि खंड तिन्ही लिहावे, नाहीतर चिठ्ठी परत येते. आणि काकांनी पलीकडचे ग्रंथालय दाखवले तर त्यांना म्हणावे, काका, मला इथेच यायचे आहे.